सातशे वीस ग्रॅम

आमच्या धंद्यात एक वाक्य फार चालतं. तीस वर्षांत मी ते निदान दहा हजार वेळा म्हटलं असेल. "मशीन ठीक आहे, दोष खोलीचा आहे." गिऱ्हाईक कुरकुरतं की एसी लावूनही खोली गार होत नाही. आपण जाळीसमोर हात धरायचा, गिऱ्हाइकाचाही हात धरून तिथे न्यायचा आणि म्हणायचं, बघा, बर्फ आहे बर्फ. मग छताकडे बघायचं, पश्चिमेच्या भिंतीकडे बघायचं, खिडकीच्या फटीत बोट घालायचं आणि डॉक्टरसारखी मान हलवायची. नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक आमच्या पाठीमागे म्हणतात हे मला ठाऊक आहे. मला त्याचा राग येतो, कारण बऱ्याच वेळा अंगण खरोखरच वाकडं असतं. एवढ्याशा खिडकीतल्या डब्याकडून लोकांना अख्खा दिवाणखाना गार करून हवा असतो, तोही दारं सताड उघडी टाकून.

हेच वाक्य मी माझ्या सख्ख्या भावाला ऐकवलं. त्या वेळी ते खोटं होतं.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. एसीचं काम मला त्यानेच शिकवलं. दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या मजल्यावरच्या सज्ज्यावर उभा राहून तो एका दवाखान्याचा एसी बसवत होता. सज्जा ओला होता, पाय सरकला. मालकाची चूक नव्हती, शिडीची नव्हती, दादाची तर नव्हतीच. चिडायला मला कुणीतरी लागतं आणि इथे कुणीच सापडलं नाही, त्यामुळे मी दोन वर्षं सगळ्यांवर थोडा थोडा चिडत आलो.

त्याच्या पाठीचा कणा मोडला. छातीच्या खालचं सगळं गेलं. हात चालायचे, मान चालायची आणि जीभ पूर्वीपेक्षा जास्त चालायची. इस्पितळातून सोडताना डॉक्टरीणबाईंनी वहिनीला आणि मला खुर्चीत बसवून नीट समजावलं. ह्यांना छातीच्या खाली घाम येत नाही. घाम नाही म्हणजे अंगातली उष्णता बाहेर जायला वाट नाही. खोली सव्वीसच्या वर जाऊ देऊ नका. तिसाच्या वर बराच वेळ राहिली तर अंग आपोआप तापेल, आणि तो ताप गोळीने उतरायचा नाही. थेट मेंदूला बाधेल.

दादा स्ट्रेचरवर पडून ऐकत होता. म्हणाला, "म्हणजे माझा पंखा चालू आहे, कॉम्प्रेसर चालू आहे, फक्त बाहेरची जाळी चोंदलीय."

मी खो खो हसलो. वहिनी हसली नाही. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी हसू आवरलं.

तेव्हापासून आमच्या घरात एकच प्रश्न उरला होता. खोली सव्वीसच्या आत राहते की नाही. वहिनीने पलंगाच्या डोक्याशी एक थर्मामीटर टांगला होता आणि येता-जाता तिचं लक्ष त्यावर असायचं, जसं तान्ह्या पोराच्या आईचं लक्ष पाळण्याकडे असतं. त्यांचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. डोक्यावर उघडा स्लॅब, खिडकी पश्चिमेला. घर बदला म्हणून मी सांगितलं, तर वहिनी म्हणाली, "भावजी, तळमजल्यावरचं घर तुम्ही शोधा, मी भांडी आजच बांधते." मी शोधलं नाही. हंगाम होता.

ह्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांचा जुना एसी बसला. नेमकं त्याच आठवड्यात एक कचेरी बंद झाली आणि त्यांचा दीड टनी खिडकी-एसी माझ्याकडे आला. मशीन चांगलं होतं, फक्त मागच्या नळीला बारीक भोक पडून गॅस निघून गेला होता. मी भोक डाग देऊन बुजवलं, पाती एकेक करून सरळ केली, पत्रा घासून रंगवला. आठ संध्याकाळी घालवल्या त्यावर. दादासाठी केलं हे खरं आहे, पण अर्धंच खरं. उरलेलं अर्धं असं की दादाने माझ्या गारव्यात पडून राहावं, रोज, तासन् तास, आणि एकदा तरी म्हणावं की छान केलंस.

कारण तो तसं कधी म्हणाला नव्हता. अकरा वर्षं मी त्याच्या हाताखाली काम केलं. ह्या अकरा वर्षांत आमचं भांडण एकाच गोष्टीवरून झालं, ते म्हणजे गॅस किती भरायचा. प्रत्येक एसीच्या पाठीवर एक पट्टी असते आणि तिच्यावर लिहिलेलं असतं, अमुक इतके ग्रॅम. दादा सिलिंडर काट्यावर ठेवायचा आणि आकड्यावर डोळा ठेवून, सोनाराने गुंज तोलावी तसा गॅस सोडायचा. सगळा बाजार असं करत नाही. सगळा बाजार नळीला हात लावून बघतो. परतीच्या नळीला घाम सुटला, ती बोटांना गार लागली, की झाला गॅस. मीही तसाच भरतो. हातात तीस वर्षं आहेत, ती काय उगीच? पण दादा ह्याला "अंदाजपंचे" म्हणायचा. एकदा एका दाताच्या डॉक्टरसमोर त्याने मला भरलेला गॅस काढायला लावला आणि परत मोजून भरायला लावला. वर म्हणाला, "बारक्या, अंदाज घरी ठेवून येत जा." डॉक्टर हसला, त्याची नर्सही हसली. महिन्याभराने मी स्वतःचा धंदा काढला. बारक्या हे नाव मात्र पन्नाशीतही सुटलं नाही.

तर मी ते मशीन दादाच्या खिडकीत बसवलं. पाठीवरची पट्टी मी वाचली होती. सातशे वीस ग्रॅम. वाचली आणि हाताने भरला. नळीला घाम आला. खोलीत गार वारा सुटला.

दादा उशीवर मान टाकून ऐकत होता. तो आवाजावरून मशीन ओळखतो, लोक पावलांवरून माणूस ओळखतात तसं.

"किती भरलास?"

"पुरेसा."

"पुरेसा म्हणजे किती ग्रॅम?"

"दादा, खोली गार होतेय ना?"

"आज होतेय," तो म्हणाला. "आज बाहेर तीसच आहे."

मला वाटलं, झालं. ह्याला चांगलं म्हणता येतच नाही. जाताना मी दार जरा जोरात ओढलं.

मग ऊन तापलं. पहिल्यांदा वहिनीचा फोन आला तेव्हा दुपारी खोली अठ्ठावीसवर गेली होती. "ओल्या पट्ट्या ठेवतेय अंगावर," ती म्हणाली, "पण मशीनला काय झालंय बघा ना." मी संध्याकाळी कामं आटोपून गेलो. खोली चोवीस. जाळीसमोर हात धरला, बर्फ. माझ्यासमोर ते मशीन शहाण्या पोरासारखं वागत होतं. तरी वहिनीचं समाधान व्हावं म्हणून म्हटलं, थोडा कमी पडला असेल, आणि आणखी थोडा गॅस सोडला.

"कमी नाही रे," दादा पलंगावरून म्हणाला. "जास्त झालाय. आवाज ऐक. कण्हतोय तो."

"नवीन जागा आहे, बसेल हळूहळू."

"मशीन काय सून आहे, हळूहळू रुळायला?"

वहिनी हसली. ह्या उन्हाळ्यात मी तिला हसताना बघितलं ते तेवढंच. मला मात्र मिरच्या झोंबल्या.

पुढच्या आठवड्यात एकोणतीस, मग तीस. मी खोलीच्या मागे लागलो. खिडकीच्या चौकटीभोवती फोम कोंबला. गच्चीवर पोती अंथरून ती सकाळ-दुपार भिजवायला लावली. दुहेरी पडदा शिवून आणला. दाराखाली रबराची पट्टी ठोकली. हे सगळं करायलाच हवं होतं आणि त्याने थोडा फरक पडलाही. तीसचे एकोणतीस झाले. तोच फरक माझ्या डोक्यात गेला. बघा, मी म्हणालो, दोष खोलीचाच होता.

"भावजी," वहिनी म्हणाली, "तुम्ही नेहमी दिवेलागणीला येता. एकदा दुपारी तीनला या आणि तासभर इथे बसा. मग बोला."

ह्यात अवघड काही नव्हतं. माझं दुकान तिथून स्कूटरवर वीस मिनिटांवर आहे. पण उन्हाळ्यात दुपारी तीन म्हणजे आमच्या धंद्याची ऐन घाई. तीन वाजता मी दुसऱ्यांच्या खोल्या गार करत होतो. म्हटलं, येतो एकदा, आणि गेलो नाही.

त्यानंतर गेलो तो परत संध्याकाळीच. दादाचा चेहरा उतरला होता, ओठ सुकले होते. मी परत पान्याला हात घातला तसा तो म्हणाला, "बारक्या, ऐक. माझा काटा पलंगाखाली पेटीत आहे. सगळा गॅस काढ आणि मोजून भर. तास-दीड तासाचं काम आहे. दुपारी बाहेरचा पत्रा तापला की तो जास्तीचा गॅस कॉम्प्रेसरला झेपत नाही. संध्याकाळी तुला कळणारच नाही. अति तिथं माती, दुसरं काही नाही."

तो शांतपणे बोलत होता. चेष्टा नव्हती, टोमणा नव्हता. त्यात एक शब्द चुकीचा नव्हता, आणि नेमकं तेच मला सहन झालं नाही. त्या दिवशी मी सात ठिकाणी जाऊन आलो होतो, सातही ठिकाणी लोकांनी मला शहाणपणा शिकवला होता, आणि आता हा खाटेवर पडून शेळ्या हाकत होता. माझ्या तोंडून निघून गेलं.

"दादा, तू पेशंट आहेस आता. मिस्त्री मी आहे."

वहिनी हातातली पट्टी पिळायची थांबली. दादाने माझ्याकडे बघितलं आणि मान भिंतीकडे वळवली. वळवता येईल असं त्याच्याकडे तेवढंच होतं. मी आणखी थोडा गॅस सोडला. का सोडला, हे मला आजही सांगता येत नाही. मागे घ्यायला शब्द नव्हते म्हणून हाताला काहीतरी काम दिलं असेल.

त्यानंतर दादा माझ्याशी मशीनबद्दल एक अक्षर बोलला नाही. मी गेलो की विचारायचा, जेवलास का, पोरगी कशी आहे, पाठदुखी थांबली का. मला बरं वाटलं. मला वाटलं, जिंकलो.

तो दिवस मंगळवार होता. बाहेर त्रेचाळीस. अडीचच्या सुमाराला मी एका कचेरीच्या बैठकीच्या खोलीत शिडीवर होतो. खाली कोट घातलेले चार लोक माझ्याकडे असे बघत होते जसं ऊन मीच पाडलंय. वहिनीचा फोन आला.

"मशीन बंद पडलंय. नुसता पंखा फिरतोय, वारा गरम येतोय."

"बटण बंद करा, दहा मिनिटं थांबा, परत चालू करा. चालेल."

चाललं. सहा मिनिटं चाललं आणि परत बसलं. तिने परत फोन केला. मी परत तेच सांगितलं. कॉम्प्रेसर फार तापला की स्वतःला वाचवायला बंद पडतो, निवला की उठतो. हे शिकाऊ माणसालाही माहीत असतं. आणि तो का तापतो, हे मला दादाने बिछान्यातून सांगितलं होतं. शिडीवर उभा असताना माझ्या हातांना ते कळलं होतं. पण मी स्वतःला म्हटलं, दुपारचा दाब कमी असेल विजेचा. खाली कोटवाले उभे होते, काम अर्धं उघडं पडलं होतं. म्हटलं, अर्धा तास, हे मिटवतो आणि निघतो.

तिने चार वेळा बंद-चालू केलं. दर वेळी घड्याळ लावून दहा मिनिटं थांबली, कारण मी सांगितलं होतं. पाचव्या वेळी मशीन उठलं नाही.

मी पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते. जिने चढताना माझा शर्ट अंगाला चिकटला होता. मला घाम येत होता, म्हणून मी ठीक होतो. थर्मामीटरवर छत्तीस. वहिनीने सगळ्या चादरी भिजवून दादावर टाकल्या होत्या आणि दोन्ही हातांनी पुठ्ठ्याने वारा घालत होती. शेजारच्या बाई बादली घेऊन उभ्या होत्या. गाडी बोलावलीय, वाटेत आहे, असं त्या म्हणाल्या. दादाचा चेहरा लाल आणि कोरडा होता. डोळे उघडे होते, पण आमच्यावर नव्हते.

तो बोलत होता. "बारक्या, खाली बघू नको. भिंतीकडे तोंड कर. माझा हात धर. पाय टाकायच्या आधी चाचपून बघ."

मी म्हणालो, "दादा, मी आलोय."

"खाली बघू नको म्हणतो ना!"

माझ्या पहिल्या वर्षात तो मला सज्ज्यावर असाच न्यायचा. एक हात माझ्या कंबरेच्या पट्ट्यात अडकवलेला असायचा. मी पलंगाशी उभा राहून भिंतीकडे तोंड केलं. दुसरं काय करावं ते मला सुचलं नाही.

इस्पितळात ताप एकेचाळीसच्या वर निघाला. त्यांनी बर्फ लावला, नळ्या लावल्या. जगेल का हे दोन दिवस कुणी सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जगतील. पुढचं त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

त्याच दिवशी वहिनीकडून किल्ली घेऊन मी त्या खोलीत गेलो. तीन दिवसांत निवलेलं मशीन खिडकीतून ओढून जमिनीवर घेतलं. गुडघ्यांवर बसून पलंगाखालून दादाची पेटी काढली. काटा फडक्यात गुंडाळलेला होता. रिकामा सिलिंडर बर्फाच्या बादलीत ठेवला आणि दादा करायचा तसा सगळा गॅस हळूहळू त्यात ओढून घेतला. सिलिंडर पुसून काट्यावर ठेवला. रिकाम्या सिलिंडरचं वजन वजा केलं. परत ठेवला, परत वजा केलं.

नऊशे नव्वद ग्रॅम. दोनशे सत्तर जास्त. तीन मध्यम कांद्यांचं वजन.

मग मी मोजून भरला. सातशे वीस. शेवटचे वीस ग्रॅम भरायला मला जितका वेळ लागला तितका पूर्वी अख्खा गॅस भरायला लागायचा. मशीन परत खिडकीत चढवलं आणि तीन वाजायची वाट बघितली. त्या वेळेला त्या खोलीत मी पहिल्यांदाच बसलो होतो. ऊन पडद्याच्या कडांतून आत शिरत होतं. वरचा स्लॅब तापला होता, त्याची धग डोक्याला लागत होती. बाहेर बेचाळीस होतं. मशीन चालत होतं, आणि आता मलाही ऐकू आलं की ते कण्हत नाहीये. थर्मामीटर चोवीसवर थांबला. मी दादाच्या पलंगावर आडवा झालो आणि मोठ्याने रडलो. खोली इतकी छान गार झाली होती.

संध्याकाळी इस्पितळाच्या बाकावर मी वहिनीला सगळं सांगितलं. सांगितल्याशिवाय तिच्या शेजारी बसणं शक्यच नव्हतं.

"वहिनी, गॅस जास्त झाला होता. दादा म्हणत होता तेच. माझी चूक."

तिच्या मांडीवर दादाचा धुतलेला सदरा होता. त्याची घडी ती मोडत होती, परत घालत होती.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "ते रोज सांगायचे. तीन वाजले की म्हणायचे, आता ऐक, आता दमेल बघ बिचारा. आणि तसंच व्हायचं."

"मग दुसरा मिस्त्री का नाही बोलावलात? बाजारात शंभर पडलेत."

"बोलावणारच होते. नंबरही काढला होता. त्या खालच्या किराणावाल्याच्या ओळखीतला होता एक." तिने सदऱ्याची बटणं लावायला घेतली. "ह्यांनी फोन करू दिला नाही. म्हणाले, परका माणूस त्याचं काम उघडून बघेल, बाजारात बोभाटा होईल. बारक्याला वाईट वाटेल. तो आपणहून येईल एक दिवस दुपारचा, तेव्हा कळेल त्याला."



"मी भांडले त्यांच्याशी," वहिनी म्हणाली. "म्हटलं, तुमचा जीव जाईल आणि त्याला वाईट वाटेल म्हणून मी हातावर हात ठेवून बसू? तर म्हणाले, चार दिवस दम धर." तिने सदऱ्याची शेवटची घडी घातली. "मीही धरला. माझंही चुकलंच की."

तिने मला एखादी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती उठली आणि सदरा ठेवायला आत गेली.

अकराव्या दिवशी दादाला घरी आणलं. डॉक्टरीणबाईंनी परत आम्हा दोघांना खुर्चीत बसवून समजावलं. उष्णतेने मेंदूला मार बसलाय. बोलणं जड झालंय, थोडं सुधारेल. समज किती परत येईल ते सांगता येत नाही. चिडचिड करणार नाहीत, त्रास देणार नाहीत, तसे शांत आहेत. शांत आहेत, हे त्या आम्हाला धीर द्यायला म्हणाल्या.

आता मी रोज तीनला जातो. दुकानावर पाटी लावली आहे, दोन ते पाच बंद. गिऱ्हाइकं बोंबलतात. बोंबलू देत. मी पलंगाशेजारी स्टुलावर बसतो. खोली तेवीस, कधी चोवीस. दादा छताकडे बघत पडलेला असतो. त्याला मी ओळखू येतो, बारक्या म्हणतो, जीभ अडखळते पण म्हणतो. जेवायला दिलं तर जेवतो. पंखा लावू का विचारलं तर हो म्हणतो, बंद करू का विचारलं तरी हो म्हणतो. मशीनकडे त्याचं लक्ष जात नाही. एक दिवस मी जाळी मुद्दाम सैल ठेवली, ती तासभर खडखडत राहिली. पूर्वी अशा आवाजाला त्याने जेवणाचं ताट बाजूला सारलं असतं. तो छताकडे बघत राहिला. शेवटी मीच उठून ती घट्ट केली.

परवा मला राहवलं नाही. वहिनी स्वयंपाकघरात होती. मी स्टूल पुढे ओढलं आणि त्याच्या तोंडाजवळ वाकलो.

"दादा, गॅस काढून परत भरला बरं का. तुझा काटा काही सापडला नाही. हातानेच भरला, अंदाजाने."

त्याने मान वळवली. माझ्याकडे बघितलं. चेहरा हळूहळू हसरा झाला.

"छान केलंस," तो म्हणाला.

स्वयंपाकघरातली भांडी थांबली. वहिनी दारात आली. "भावजी," ती हळूच म्हणाली, "नका ना असं सांगू त्यांना."

मी थांबायला हवं होतं. पण मी त्याचा हात धरला आणि परत सांगितलं, पोराला सांगावं तसं, एकेक शब्द सुटा करून. "दादा, ऐक ना. मोजला नाही मी. पट्टीवरचा आकडासुद्धा बघितला नाही. अंदाजपंचे भरलाय सगळा."

"ऐकलं रे," दादा म्हणाला. माझ्या हातावर त्याने दुसऱ्या हाताने थोपटलं. "छान केलंस, बारक्या."